करडईचा साबण

“एवढं इंग्रजी शिकवलं, आणि पोरीनं शेवटी शिरा केला. वेलदोडे तेवढे घालायचे राहिलेत,” आत्या आईला सांगत होत्या.

मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर होते, कडेवर पाण्याची कळशी. आईचं पोळपाटावरचं लाटणं मध्येच थांबलं आणि मग पुन्हा चालू झालं. तेवढ्यावरून मला कळलं की ती हसली. कळशी तिथंच भिंतीशी ठेवून मी आवाज न करता मागच्या अंगणात गेले.

शिरा म्हणजे माझा साबण. अप्पांनी गिरणीतून बॉबिन ठेवायची एक जुनी लाकडी पेटी आणली होती. तिच्यात केळीचं पान अंथरून साबण ओतला, त्याला आठवडा होत आला होता. पुस्तकात म्हटलं होतं की दुसऱ्या दिवशी पेटी उलटी करावी आणि वड्या कापाव्यात. मी पेटी उलटी केली असती तर साबण अंगणभर झाला असता. बोट लावलं की बोट आत जाई आणि खळगा तसाच राही. रोज सकाळी उठून मी आधी तो खळगा बघायला जात होते. मनात अशी वेडी आशा की रात्रीतून तो दगड झाला असेल.

साबण आत्यांसाठी होता. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. फार लहान वयात विधवा होऊन त्या परत माहेरी आल्या, त्या कायमच्या. त्यांचं केशवपन झालेलं होतं. दर पंधरा दिवसांनी उजाडताना न्हावी मागच्या दाराने येई आणि कुणाशी न बोलता जाई. त्या वेळी आम्ही मुलींनी अंगणात जायचं नाही, असा घरात नियम होता. त्या वर्षी वैशाखातल्या उन्हाने आत्यांच्या डोक्यावर घामोळं उठलं आणि त्याच्या खपल्या झाल्या. वस्तरा खपल्यांत अडके. न्हावी येऊन गेला की त्यांच्या आलवणावर, म्हणजे त्या नेसत त्या तांबड्या लुगड्याच्या पदरावर, रक्ताचे ठिपके पडलेले असत. ओले असताना ते दिसत नसत. वाळले की काळे पडत.

डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं होतं की डोकं साबणाने धुवायला सांगा, नाहीतर पिकेल. पण दुकानातल्या साबणात जनावराची चरबी असते, म्हणून आत्या त्याला शिवायला तयार नव्हत्या. शिकेकाईने आग होई. तेव्हा अप्पा एकदा जेवताना म्हणाले, “हिच्या शाळेच्या पुस्तकात साबण करायची रीत आहे ना? चरबी न घालता कर. तुझ्या शिक्षणाचा घरात काही उपयोग होऊ दे.”

मी मान हलवली. घरात मी बहुतेक गोष्टींना मानच हलवत असे. नऊ वर्षं मी इंग्रजी शाळेत शिकले होते. तिथं मराठी बोललं की उभं करत, आणि घरी इंग्रजी शब्द तोंडून निसटला की आत्या म्हणत, “मडमिणबाई, आम्हाला कळेल असं बोला.” दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं.

कास्टिक सोडा अप्पांनी आणला. ते गिरणीच्या रंगखात्यात कारकून होते. पत्र्याचा डबा माझ्या हातात देताना त्यांनी एका कामगाराची गोष्ट सांगितली, की कास्टिकचं पाणी ढवळताना त्याच्या डोळ्यात उडालं आणि त्याला आता त्या डोळ्याने उजेड आणि अंधार एवढंच कळतं. “तेव्हा सांभाळून,” असं म्हणून ते जेवायला बसले. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

पहिल्या दिवशी कास्टिक पाण्यात टाकला आणि चुलीवर न ठेवताच ते पाणी उकळल्यासारखं तापलं. वाफ नाकात गेली, घशात ठसका बसला. एक थेंब मनगटावर उडाला. मी हात धुतला तरी तिथं नखाएवढी जागा पांढरी झाली आणि मग लाल. बांगड्या त्यावर ओढून मी काम चालू ठेवलं. अंगणात तीन दगडांवर लोखंडी घमेलं ठेवलं होतं, कारण हे भांडं घरात आणायची परवानगी नव्हती. आत्या ओसरीच्या कडेला सोवळ्यात उभ्या राहून लांबूनच बघत होत्या. तेल आणि कास्टिकचं पाणी आधी ताकासारखं झालं, मग पिठल्यासारखं. मग त्याच्या कडा फुगून आत पडायला लागल्या आणि दोन तासांनी सगळं विणकरांच्या खळीसारखं चिकट, अर्धवट पारदर्शक दिसायला लागलं. पुस्तकात असंच वर्णन होतं. मी थोडं जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. पुस्तकात सांगितलं होतं की चावा बसला तर कास्टिक उरलेला आहे, अजून शिजवावं. चावा बसला नाही. नुसती साबणाची तुरट चव आली. म्हणून मी तो पेटीत ओतला.

आणि तो मऊ राहिला.

माझ्या मनात पहिलं आलं ते पाण्याचं. पाणी जास्त राहिलं असेल. सगळं परत घमेल्यात काढून आटवलं, इतकं की काठी उभी राहायला लागली, आणि पुन्हा पेटीत ओतलं. दोन दिवसांनी पाहिलं तर वरचा पापुद्रा वाळला होता, पण खाली तेच. एक तुकडा कोमट पाण्यात विरघळवून पाहिला. पाण्यावर तेलाचा तवंग आला नाही, फेस चांगला आला. हळद लावून पाहिली, ती लाल झाली. कास्टिक उरलाय, हेच कारण असेल, म्हणून मला हर्ष झाला, पण मग आठवलं की हळदीच्या डागाला कुठलाही साबण लावला तरी तो लालच होतो. त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

तेव्हा आत्यांचं ते शिऱ्याचं बोलणं ऐकलं. त्यानंतर चार दिवसांनी न्हावी यायचा होता.

कास्टिकचा डबा मोरीशेजारच्या फळीवर होता. झाकण सैल राहिलं होतं आणि वरच्या खड्यांना पाणी सुटलं होतं. ते पाहिल्याबरोबर मला वाटलं, सापडलं. कास्टिक ओला होऊन त्याचा जोर गेला आहे, म्हणून साबण धरत नाही. आता लिहिताना ही चूक माझ्या लक्षात सहज येते, पण त्या वेळी मला जे हवं होतं ते कारण समोर आलं होतं. मी खालचे कोरडे खडे घेतले. तराजूत तोलले नाहीत. पुस्तकात या ठिकाणी काहीच आकडा नव्हता, म्हणून अंदाजाने घेतले, आणि मग पुन्हा एकदा थोडे घेतले, कारण मला या खेपेला तो नक्की घट्ट व्हायला हवा होता. साबण परत घमेल्यात घेऊन ते त्यात शिजवले आणि जिभेला न लावताच पेटीत ओतला.

दुसऱ्या दिवशी पेटी उलटी केली तेव्हा साबणाची लादी एका तुकड्यात बाहेर आली. बोटाने ठोकलं तर लाकडासारखा आवाज आला. वर पांढरी भुकटी होती, ती मी फडक्याने पुसली. सुरीने नऊ वड्या कापल्या. कापताना कडा जरा ठिसूळ तुटत होत्या.

त्या संध्याकाळी अप्पांनी एक वडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “काय अक्का, शिरा म्हणत होतीस ना?” ते आत्यांना म्हणाले.

आत्यांनी लांबूनच पाहिलं. “शिरा होताच तो,” त्या म्हणाल्या. “आता वडी झाली. चिकाटी आहे पोरीत, एवढं म्हणेन मी.”

आत्या माझ्याबद्दल चांगलं बोलल्या, असं मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं. मी खाली बघत राहिले. अप्पांनी सांगितलं की आता आणखी एक घाणा काढ, वर्षभराचा साबण होऊन जाईल.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चरवी घेऊन तेलाला गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेलाचा घाणा होता. तो एक लिंगायत बाई चालवत होती. घरी ती कानडी बोले, आमच्याशी मराठी. सगळे तिला आक्का म्हणत. मला ती तंगी म्हणे, म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

“काय गं तंगी, परत करडीच व्हय?” तिने विचारलं. “लई त्याल प्यायला लागलंय तुमचं घर.”

साबणासाठी हवं आहे, असं मी हळूच सांगितलं.

“करडीचा साबण?” ती हसली. “मग मऊच ऱ्हायला असंल की त्यो.”

मी चरवी खाली ठेवली. “का?”

“का म्हंजे? पुसाच्या थंडीत हितं खोबरेल बरणीत दगडावानी हुतंय. चमचा वाकतोय. करडी कदी गोठलेली बघितलीस का तू? जे त्याल थंडीत गोठत न्हाय, ते साबणात कुटनं गोठंल? आमची सासू करायची कापडाचा साबण. निम्म्याच्या वर खोबरेल घालायची, आन पंधरा दिस वाऱ्यावर ठिवायची. हात लावू द्यायची न्हाय कुणाला.”

“आणि कास्टिक?” मी विचारलं.

“त्यो मापात. मऊ हाय म्हून कास्टिक वाढवत बसलीस तर हाताची सालटी निगतील.” तिने चरवी माझ्या हातात दिली. “काय झालं? त्वांड का असं केलंयस?”

काही नाही, असं मी म्हटलं. घरी येईपर्यंत मला तेल सांडल्याचं कळलं नाही. परकरावर मोठा डाग पडला होता.

पुस्तकातल्या कृतीत तीन भाग चरबी आणि एक भाग खोबरेल होतं. चरबी वगळायची होती. मी तिच्या जागी तेवढीच करडई घातली, कारण आमच्या घरात तेल म्हणजे करडईच. चरबी थंडीत घट्ट असते आणि करडई कधीच नसते, ही गोष्ट सोलापुरातल्या कुठल्याही बाईला माहीत होती. मी ती विलायतेतल्या पुस्तकात शोधत होते. पहिला साबण मऊ होता, पण तो पूर्ण झालेला साबण होता. जिभेला चावा नव्हता, पाण्यावर तवंग नव्हता. सगळ्या परीक्षा त्याने दिल्या होत्या. म्हणजे नंतर मी जो कास्टिक घातला त्याला खायला तेल उरलंच नव्हतं. तो सगळा त्या वड्यांत तसाच बसलेला होता.

अंगणातल्या फळीपाशी जाऊन मी तिथल्या एका वडीला जीभ लावली. चटका बसल्यासारखं झालं. जीभ आत ओढली तरी टोक कितीतरी वेळ बधिर होतं.

मी वड्या गोळा करून सरपणाच्या ढिगामागे लपवल्या. लपवताना मोजल्या तर आठ होत्या.

नववी वडी मी पेटीखाली शोधली, मोरीत शोधली, फळीच्या मागे हात घालून पाहिलं. अप्पांनी गिरणीत दाखवायला नेली असेल असं स्वतःला सांगितलं. पण दुपारी आत्या देवघरातून येताना माझ्या शेजारून गेल्या आणि म्हणाल्या, “एक मी माझ्याकडे ठेवलीय हो. केळीच्या पानात गुंडाळून. परवा न्हावी यायचाय.”

आत्यांची सोवळ्याची फळी माजघरात उंचावर होती. तिला फक्त त्यांनी हात लावायचा. शाळेत जाऊन सगळ्या जातीधर्मांच्या मुलींशेजारी बसून आलेल्या मला तर त्या फळीखालून जायलाही त्या टोकत. वडी तिथं होती. पानाचं हिरवं टोक मला जमिनीवरून दिसत होतं. स्टूल घेऊन ती काढावी, असं मनात आलं. पण मग सगळी फळी विटाळेल, त्यांना ती पुन्हा धुवावी लागेल, आणि का शिवलीस याचं उत्तर द्यावंच लागेल.

तेव्हा सांगणं एवढंच उरलं होतं. ते मला दोन दिवस जमलं नाही.

पहिल्या रात्री अप्पांना सांगायला गेले. ते कुणा शेजाऱ्याला सांगत होते, “आमच्या पोरीनं घरी साबण केला. अगदी दुकानासारखा.” त्यांनी मला पाहिलं, पुढे बोलावलं, त्या माणसाला माझा हात दाखवला, जणू हातावर काही दिसणार होतं. मी मनगटावर बांगड्या ओढल्या आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी आईला सांगायचं ठरवलं. भाजी निवडताना मी म्हटलं, “आई, तो साबण.”

“काय त्याचं?”

“अजून पंधरा दिवस ठेवायला हवा.”

“अगं, आत्यांना सांग मग. मी मध्ये पडले की म्हणतील, हिला माझं बरं झालेलं बघवत नाही.” आईने मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. “एक वाक्य बोलायला काय होतं तुला?”

काय होतं ते मला सांगता आलं नसतं. वाक्य तयार असायचं. मी ते मनात इतक्यांदा म्हटलं की त्यातले शब्द मला खोटे वाटायला लागले. मी स्वतःची समजूत अशी घातली की एक-दोन बोटं साबण लावला तर काही होणार नाही, वर पाणी घातलंच जातं. मग मनगटावरची जागा दिसे. ती आता तपकिरी झाली होती आणि तिची साल निघत होती. आत्यांच्या डोक्यावर तर साल आधीच निघालेली होती.

त्या रात्री आई बाजूला बसली. तिचे ते चार दिवस आले होते, आणि त्या दिवसांत ती कशालाच शिवत नसे. न्हावी येऊन गेला की आत्यांना शिवायचं नाही, त्यांनीही घागरीला हात लावायचा नाही; दुसऱ्या कुणीतरी लांबून, वरून त्यांच्या अंगावर पाणी घालायचं. हे काम आईचं होतं. आई म्हणाली, “उद्या तुला घालावं लागेल पाणी.”

उजाडताना न्हावी आला. मी बंबाशी बसून पाणी तापवत होते आणि दाराआडून वस्तऱ्याचा आवाज ऐकत होते. वाळलेल्या कातड्यावरून सुरी ओढावी तसा तो आवाज येत होता. मध्ये थांबे, मग पुन्हा येई. एकदा आत्या हलकेच “अगाई गं” म्हणाल्या. न्हावी म्हणाला, “आईसाहेब, मान हलवू नका, खपली हाय.” मग मागचं दार लागलं.

“ये गं,” आत्यांनी हाक मारली.

त्या दगडावर माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. पदराखाली ते मोठं वाटायचं. प्रत्यक्षात ते फार लहान होतं. मागच्या बाजूला तीन ठिकाणी खपल्या निघून ओली लाल जागा दिसत होती आणि एका जागेवरून रक्ताची बारीक रेघ कानामागे उतरली होती. फळीवरून त्यांनी आधीच काढून ठेवलेलं केळीचं पान त्यांच्या मांडीवर होतं.

“वरून घाल. शिवू नकोस,” त्या म्हणाल्या.

मी तांब्या वर धरला आणि पाणी घातलं. धार कधी डोक्यावर, कधी खांद्यावर पडत होती.

“थंडी तुला वाजतेय की मला?” आत्या म्हणाल्या. त्यांनी पान उलगडलं. वडीवर पुन्हा पांढरी भुकटी आली होती. त्यांनी ती ओल्या तळव्यांत फिरवली. फेस झाला. “फेस छान आहे गं,” त्या म्हणाल्या. मग तळवे एकमेकांवर चोळले, थांबल्या, बोटं जरा फाकवून पाहिली. “चुरचुरतंय थोडं. औषध म्हटलं की चुरचुरायचंच.”

वाक्य माझ्या तोंडाशी आलं ते इंग्रजीतून आलं. मी ओठ मिटून घेतले. आत्यांनी दोन्ही हात डोक्याकडे नेले.

मी भरलेला तांब्या त्यांच्या हातांवर ओतला. फेस वाहून गेला.

“हातावर कशाला?” त्या म्हणाल्या. “डोक्यावर घाल म्हटलं ना. लक्ष कुठाय तुझं?” आणि त्यांनी वडी पुन्हा उचलली.

मी दुसरा तांब्या भरला आणि तोही हातांवरच घातला. वडी निसटून मोरीच्या कडेला गेली. आत्या मागे वळल्या. माझ्याकडे उघड्या डोक्याने, तोंडावरून पाणी निथळत असताना त्यांनी पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी हात लांब करून वडी घेतली आणि विचारलं, “काय झालं, पोरी?”

“आत्या, तो डोक्याला लावू नका, कातडी जळेल,” मी म्हणाले. “मऊ होता तोच साबण चांगला होता. मी तुमच्या बोलण्याला भिऊन त्यात जास्त कास्टिक घातला, आणि दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.”